पैसे कटल्याचा मेसेज कोणाच्या हातात पडतो?

आर्थिक साक्षरता पाठ
(समूहाच्या बैठकीत एका ताईने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी आपापलं पासबुक समोर ठेवावं.)



पासबुकावर एन्ट्री मारून आणली की आपण आधी शेवटचा आकडा बघतो. शिल्लक किती, एवढंच. मधल्या ओळी कोणी वाचत नाही. पण आज आपल्या खात्यात लाडक्या बहिणीचे पैसे येतात, रोजगार हमीची मजुरी येते, पीक विम्याची रक्कम येते, समूहातून उचललेलं कर्ज येतं. कुंभार पिंपळगावात असो की आजूबाजूच्या वाडी-वस्तीवर, बाईच्या नावावर एवढा पैसा पूर्वी कधी फिरत नव्हता. पैसा आला की त्याच्यावर डोळा ठेवणारेही आले. म्हणून आजचा पाठ त्या मधल्या ओळींचा: आपण न काढलेले पैसे खात्यातून गेले तर काय करायचं, आणि किती दिवसांत करायचं.

१. कोणती कपात रीतसर, कोणती नाही

पैसे कटले की लगेच चोरी झाली असं समजू नका. काही कपाती आपल्याच सहीने होतात. पंतप्रधान जीवन ज्योती विम्याचे वर्षाला ४३६ रुपये आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून जातात. एटीएम कार्डाचा वार्षिक आकार, मेसेजचा आकार, कर्जाचा हप्ता याही नोंदी असतात. ज्या ओळीचा अर्थ लागत नाही, तिच्याखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि बँक सखीला किंवा शाखेत विचारा, "ही कपात कशाची?" हे विचारणं आपला हक्क आहे. उत्तर समाधानाचं नसेल आणि तो व्यवहार आपण केलेलाच नसेल, तर तो अनधिकृत व्यवहार. पुढचं सगळं त्याच्याबद्दल.

२. पैसे जातात कसे

अंगठ्याने : आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि अंगठा एवढ्यावर पैसे निघतात. इथे पिन लागत नाही, ओटीपीही येत नाही. म्हणून "सर्व्हर डाऊन आहे, परत एकदा अंगठा लावा" असं कोणी म्हटलं तर आधी विचारा, पहिला व्यवहार फेल झाल्याची पावती कुठं आहे? पावती बघितल्याशिवाय दुसऱ्यांदा बोट ठेवायचं नाही. आपली बीसी सखी पावती देतेच. जो देत नाही त्याच्याकडे जायचं नाही.

कार्डाने : एटीएमवर "मी काढून देतो" म्हणणाऱ्याच्या हातात कार्ड गेलं की कार्डाची अदलाबदल होते. पिन तर आपण आधीच मोठ्याने सांगितलेला असतो.

फोनने : "तुमचा हप्ता अडकलाय, ओटीपी सांगा", "केवायसी संपली, ही लिंक दाबा", "पैसे पाठवलेत, पिन टाकून घ्या". एक गोष्ट पाठ करा: पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत.

क्रेडिट कार्डाने : आपल्याकडे हे कार्ड कमी असलं तरी पुण्याला, संभाजीनगरला कामाला गेलेल्या मुलाकडे असतं. क्रेडिट कार्ड म्हणजे बँकेची उधारी. महिन्याच्या शेवटी बिल येतं. बिलात न केलेली खरेदी दिसली तर ती अनधिकृतच. आणि न मागता कोणी क्रेडिट कार्ड पाठवलं, त्याचं बिलही लावलं, तर रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ती रक्कम कार्ड कंपनीने माफ करायची, शिवाय त्या रकमेच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यायचा.

आता एक लक्षात घ्या. कधीकधी आपण अंगठा लावत नाही, ओटीपी सांगत नाही, तरी चोरी होते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेची यंत्रणा चोरट्यांनी फोडली. नकली कार्डं बनवून २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले. दोन दिवसांच्या व्यवहारांत बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये गेले. ठेवीदारांचे पैसे सुरक्षित आहेत असं बँकेने तेव्हाच जाहीर केलं. एवढ्या मोठ्या बँकेचं असं होतं, तर आपल्या खात्यातून चार हजार गेले म्हणून मान खाली घालायचं काय कारण? घरचे रागावतील म्हणून बाई गप्प बसते, आणि त्या गप्प बसण्यातच खरे दिवस जातात.

३. नुकसान कोणाचं? नियम काय म्हणतो

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी परिपत्रक काढून हे ठरवून दिलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांनाही तसाच नियम लागू केला. (पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, तिला हा नियम लागू नाही.) नियमाचा गाभा असा:

• चूक बँकेची किंवा तिच्या यंत्रणेची असेल, तर आपलं नुकसान शून्य. सगळी रक्कम बँकेने भरायची.

• चूक आपलीही नाही, बँकेचीही नाही, मधल्याच कोणाची आहे, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत आपण कळवलं, तरीही आपलं नुकसान शून्य.

• तेच ४ ते ७ दिवसांत कळवलं, तर जनधनसारख्या साध्या बचत खात्यावर आपलं नुकसान जास्तीत जास्त ५,००० रुपये. इतर बचत खात्यांवर, तसंच ५ लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डावर जास्तीत जास्त १०,००० रुपये. समजा जनधन खात्यातून ८,००० गेले आणि पाचव्या दिवशी कळवलं, तर ५,००० आपले गेले, ३,००० बँक देणार. ३,००० च गेले असतील तर ते सगळे आपल्याच अंगावर.

• ७ दिवसांनंतर कळवलं, तर बँकेचं धोरण काय असेल त्याप्रमाणे.

• ओटीपी, पिन आपणच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. सकाळी दहाला १०,००० गेले, अकराला आपण कळवलं, बाराला आणखी १५,००० गेले, तर ते १५,००० बँकेने भरायचे. म्हणून "चूक माझीच आहे, आता सांगून काय उपयोग" असं कधी म्हणू नका. उपयोग आहेच.

आणखी दोन गोष्टी. आपण कळवल्यापासून कामकाजाच्या १० दिवसांत बँकेने वादातली रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची आणि ९० दिवसांत तक्रार निकाली काढायची. आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायचं काम बँकेचं आहे, आपलं नाही. नियमात पुढे बदल होऊ शकतात, म्हणून शाखेत गेल्यावर "सध्याचा नियम दाखवा" असं जरूर म्हणा.

४. घड्याळ कधी सुरू होतं

हा पाठातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. तीन दिवस मोजायचे ते बँकेचा मेसेज आल्यापासून. मेसेजचा दिवस धरायचा नाही, बँकेच्या सुट्ट्या धरायच्या नाहीत. शुक्रवारी मेसेज आला, दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, मग रविवार, तर सोमवार पहिला दिवस, मंगळवार दुसरा, बुधवार तिसरा.

आता स्वतःला विचारा, तो मेसेज पडतो कोणाच्या मोबाईलवर? बऱ्याच जणींच्या खात्याला मालकाचा किंवा पोराचा नंबर जोडलेला असतो. मालक ऊसतोडीला गेलेले, पोरगा पुण्याला कंपनीत. कोणाचं ते सिम कधीच बंद पडलंय. मेसेज येतो, कोणी वाचत नाही, आणि घड्याळ चालूच राहतं. महिन्याने पासबुक भरल्यावर कळतं, तोवर सात दिवस कधीच उलटलेले असतात. बाई म्हणते, "मला काल कळलं." बँक म्हणते, "आम्ही मेसेज तेव्हाच पाठवला होता."

म्हणून खात्याला नंबर आपला पाहिजे. स्वतःचा मोबाईल नसेल, तर जो नंबर जोडलाय त्या माणसाला सांगून ठेवा की बँकेचा मेसेज आला की त्याच दिवशी मला फोन कर.

समूहाच्या खात्याचंही तेच. अध्यक्ष-सचिव बदलतात, ठराव होतो, सह्या बदलतात, पण बँकेतला मोबाईल नंबर जुन्याच ताईचा राहतो. पदाधिकारी बदलले की सह्यांबरोबर नंबरही बदलून घ्या.

५. पैसे गेले तर, याच क्रमाने

पहिलं : १९३० वर फोन करा. ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे. मराठीत बोला. खातं कोणत्या बँकेचं, रक्कम, तारीख, वेळ आणि मेसेजमधला व्यवहार क्रमांक सांगा. चोरटा पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात पळवतो. ते पुढे जायच्या आत त्या खात्यात अडवता येतात. त्यामुळे इथे दिवसांचा नाही, तासांचा हिशेब आहे. घनसावंगीला किंवा जालन्याला जायचं म्हणजे मजुरी बुडते, गाडीभाडं लागतं. हा फोन मात्र घरातून होतो. मिळालेला तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

दुसरं : बँकेच्या टोल-फ्री नंबरवर फोन करून कार्ड, यूपीआय बंद करायला सांगा. हा नंबर एटीएम कार्डाच्या मागे असतो. आजच वहीत लिहा, कार्डच हरवलं तर नंबर कुठून आणणार?

तिसरं : शाखेत लेखी अर्ज द्या. दोन प्रती न्या. एकीवर शिक्का, सही आणि तारीख घेऊन ती आपल्याकडे ठेवा. "साहेबांना तोंडी सांगितलंय" याला कागदावर किंमत नाही.

चौथं : पोलीस ठाण्यात तक्रार द्या. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळावरही ती नोंदवता येते. गावातल्या शिकलेल्या मुलीची मदत घ्या, पण तिलासुद्धा पिन सांगू नका.

पाचवं : बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. फी लागत नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ वर फोन करा.

अंगठ्याने पैसे गेले असतील तर आणखी एक काम: आधारचं बायोमेट्रिक लॉक करून घ्या. ते आधारच्या अ‍ॅपवरून होतं, चौकशीचा नंबर १९४७. लॉक असताना रेशन दुकानातही अंगठा चालत नाही. तेव्हा रेशन घ्यायच्या दिवशी ते तात्पुरतं उघडावं लागतं, हे माहीत असू द्या.

६. अर्जाचा नमुना

प्रति, मा. शाखाधिकारी,
विषय : माझ्या खात्यातून झालेल्या अनधिकृत व्यवहाराबाबत.
महोदय, माझे आपल्या शाखेत बचत खाते क्र. ____ आहे. दि. ____ रोजी ____ वाजता रु. ____ माझ्या खात्यातून गेल्याचा मेसेज मला दि. ____ रोजी मिळाला. हा व्यवहार मी केलेला नाही. दि. ____ रोजी १९३० वर तक्रार केली असून तक्रार क्रमांक ____ आहे. रिझर्व्ह बँकेच्या दि. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे सदर रक्कम माझ्या खात्यात जमा करावी व या अर्जाची पोच द्यावी, ही विनंती.
सोबत : पासबुकाची प्रत, मेसेजची प्रत.

(खातं सहकारी बँकेत असेल तर "दि. १४ डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे" असं लिहा. ओटीपी सांगितला गेला असेल तर तेही खरं लिहा. खोटं लिहिलं की पुढे तक्रार लंगडी पडते.)

७. या बैठकीत करायचं काम

१) प्रत्येकीने सांगावं: माझ्या खात्याला कोणाचा नंबर जोडलाय? माहीत नसेल तर येत्या आठवड्यात विचारून यावं. सचिवांनी याची यादी करावी, पण त्यात खाते क्रमांक लिहू नयेत.
२) महिन्यातल्या एका बैठकीला सगळ्यांनी एन्ट्री मारलेलं पासबुक आणावं आणि मधल्या ओळी वाचाव्यात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या शेजारी वाचणारी बसावी.
३) १९३० हा नंबर समूहाच्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहावा.
४) कोणा ताईचे पैसे गेले तर समूहातल्या दोघींनी तिच्यासोबत बँकेत जावं, असा ठराव इतिवृत्तात घ्यावा.

चर्चेसाठी प्रश्न : गुरुवारी मेसेज आला आणि शुक्रवारी बँकेला सुट्टी आहे. शनिवार महिन्यातला पहिला, म्हणजे बँक चालू. तर शून्य नुकसानीसाठी बँकेला कळवायचा शेवटचा दिवस कोणता? बोटांवर मोजा, मग शेजारणीशी ताळा करा.

(उत्तर : मंगळवार. पण १९३० ला फोन मात्र गुरुवारीच.)