तुमचा कोड वाचणार कोण?

मुलगा किंवा मुलगी घरी बसून सॉफ्टवेअरची पदवी घेतेय म्हटलं की आईवडिलांना आधी त्या पदवीच्या किमतीची काळजी लागते आणि पाठोपाठ इंटर्नशिपची. पदवीचं थोडक्यात सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता असलेली ऑनलाइन पदवी वर्गात बसून घेतलेल्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते, आयोगाच्या २०२० च्या नियमावलीत तशी तरतूद आहे. आयोगाच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या यादीत आपलं विद्यापीठ आणि नेमका तोच अभ्यासक्रम आहे का, हे मात्र प्रवेशाआधी स्वतः पाहायचं. बीसीए, एमसीए, डेटा सायन्स ऑनलाइन होतं. बीटेक होत नाही. ऑनलाइन बीटेक देतो म्हणणारा भेटला तर फी भरू नका.

आता इंटर्नशिप. त्यासाठी आधी ऑनलाइन शिकणाऱ्याची अडचण पाहू. २०२० साली आयआयटी मद्रासने जेईईशिवाय प्रवेश देणारा डेटा सायन्सचा ऑनलाइन अभ्यासक्रम जाहीर केला आणि लहान गावांतली पुष्कळ मुलं या वाटेला लागली. व्हिडिओ घरी पाहायचे, परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्यायची. शिक्षण चांगलं मिळतं. पण शेजारच्या बाकावरचा मित्र नसतो, कट्ट्यावर ‘अरे, तू हे असं का लिहिलंस?’ म्हणणारा सिनिअर नसतो. तीन वर्षांत या मुलाचा कोड दुसऱ्या माणसाने मन लावून वाचलेलाच नसतो. असाइनमेंट तपासतं ते बहुतेक वेळा यंत्र. उत्तर बरोबर आलं की गुण मिळतात, कोड कसाही असो. म्हणून माझं ठाम मत आहे की ऑनलाइन शिकणाऱ्याने इंटर्नशिप निवडताना कंपनीचं नाव आणि पैसे यांच्याआधी एक गोष्ट विचारावी: माझा कोड कोण वाचणार?

हे इतकं महत्त्वाचं का, ते एका उदाहरणाने सांगतो. समजा, इंटर्नशिपच्या पहिल्या आठवड्यात काम मिळालं की फॉर्ममधली तारीख उलटी दिसतेय, ५ मार्चच्या जागी ३ मे येतंय, ती नीट कर. मुलगा एका रात्रीत दुरुस्ती करून पुल रिक्वेस्ट (बदल तपासून घ्यायची विनंती) पाठवतो. दुरुस्ती आहे सहा ओळींची. पण त्याच्या एडिटरने सगळी फाइल आपल्या पद्धतीने मांडून ठेवली, त्यामुळे बदल दिसतात सहाशे ओळींचे. त्याला मार्गदर्शन करणारा मेंटॉर लिहितो, ‘बाकीचे बदल काढ. ही चूक परत आली तर कळावी म्हणून एक टेस्ट लिही. आणि काय केलंस यापेक्षा का केलंस ते वर लिही.’ मुलगा परत पाठवतो, पुन्हा दोन शेरे येतात, तिसऱ्या खेपेला कोड मूळ कोडमध्ये मर्ज होतो. या तीन खेपांत तो जे शिकतो ते कुठल्याही व्हिडिओत नसतं. दुसऱ्याने लिहिलेला जुना कोड न बिघडवता त्यात आपलं काम बसवणं, हीच तर नोकरी आहे. आता कोड लिहून द्यायला एआय हाताशी असल्याने कुणीतरी आपला कोड वाचणं आणखीच गरजेचं झालंय. मुलाखतीत एका ओळीवर बोट ठेवून ‘ही इथे का?’ असं विचारलं की ज्याचा कोड कुणी कधी वाचलेलाच नाही तो गडबडतो.

ही कसोटी लावली की बाजारातल्या कितीतरी ‘व्हर्च्युअल इंटर्नशिप’ आपोआप गळून पडतात. अर्ज केला की तासाभरात ऑफर लेटर, मग चार ठरीव कामं (कॅल्क्युलेटर, टू-डू लिस्ट, असंच काहीतरी), लिंक्डइनवर कंपनीला टॅग करून पोस्ट टाकायची, शेवटी थोडे पैसे भरून सर्टिफिकेट. यात तुमचं काम कुणी उघडूनही पाहत नाही. नोकरी देणाऱ्यांना हे कागद ओळखू येतात. पालकांनो, नोंदणी, ट्रेनिंग, लॅपटॉपचं डिपॉझिट, कुठल्याही नावाखाली पैसे मागणारी इंटर्नशिप घेऊ देऊ नका. मूळ गुणपत्रिका कुणाच्या ताब्यात देऊ नका. कंपनी खरंच नोंदलेली आहे का, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर नाव टाकून फुकटात पाहता येतं. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा.

मग चांगली जागा शोधायची कुठे? मुंबईत आयआयटीत फॉसी नावाचा प्रकल्प आहे. तो मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करतो आणि देशभरातल्या विद्यार्थ्यांना उन्हाळी फेलोशिप देतो. तिथे अर्ज करणाऱ्याला एक चाचणीकाम करून दाखवावं लागतं आणि त्यावर निवड ठरते. गूगल समर ऑफ कोड २००५ पासून चालू आहे. वय अठरा पूर्ण हवं, काम घरून, मानधन मिळतं आणि प्रत्येकाला मेंटॉर असतो. मात्र अर्जाच्या आधी दोन-तीन महिने त्या प्रकल्पात लहानसहान दुरुस्त्या करत राहिलेल्यांचाच तिथे निभाव लागतो. निवड झाली नाही तरी या दुरुस्त्या गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर नावानिशी राहतात आणि पुढच्या अर्जात दाखवता येतात.

सरकारी योजनांमध्ये एक बारकावा आहे, तो पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेच्या पहिल्या टप्प्यात २१ ते २४ वयाची अट होती. नियमित पूर्णवेळ शिकणाऱ्यांना योजना बंद होती, ऑनलाइन किंवा दूरशिक्षण घेणाऱ्यांना मात्र खुली. तेव्हा बारा महिने दरमहा पाच हजार रुपये आणि एकदाच सहा हजार मिळत. कुटुंबाच्या उत्पन्नाला आठ लाखांची मर्यादा होती. उलट राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत शिक्षण चालू असणारे बसत नाहीत, तिच्याकडे पदवीनंतर पाहायचं. नियम बदलत राहतात, तेव्हा त्या वेळचं पोर्टल वाचूनच अर्ज करावा. आणि केंद्राच्या योजनेत प्रत्येक जागा सॉफ्टवेअरची नसते, कामाचं वर्णन नीट वाचा.

माझा सगळ्यात आवडता सल्ला मात्र जवळच्या कंपन्यांचा आहे. सगळ्यांना पुण्याची हिंजवडी आणि खराडी दिसते. पण सांगली, कोल्हापूर, नाशिक, अकोला इथेही पतसंस्था, दूध संघ, दवाखाने यांच्यासाठी सॉफ्टवेअर करणारी आठ-दहा माणसांची ऑफिसं असतात. तिथे एचआर नसतो, मालक स्वतः भेटतो. दूध संकलनाचं बिल फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) यांवरून कसं निघतं हे समजून घेऊन त्याचा रिपोर्ट दुरुस्त करणारी मुलगी दोन महिन्यांत डेटाबेस पक्का शिकते. संध्याकाळी ती घरी येते, पुण्यातलं खोलीभाडं आणि मेसचा खर्च वाचतो. फक्त आधी विचारून घ्यावं की कोड गिटवर (कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनावर) ठेवता का आणि तो कोणी तपासतं का. दोन्हींचं उत्तर नाही असेल तर तिथे मानधन जास्त असलं तरी दुसरं ऑफिस पाहावं.

ऑनलाइन शिकणाऱ्यांच्या हातात आणखी एक गोष्ट आहे, वेळ. कॉलेजच्या मुलांचा लोंढा मे-जूनमध्ये येतो. तुम्ही ऑगस्टमध्ये किंवा जानेवारीत दार वाजवू शकता, सलग सहा महिने देऊ शकता, आणि छोट्या कंपनीला तेच हवं असतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीत चौथ्या सत्रानंतर ६० ते १२० तासांच्या इंटर्नशिपला क्रेडिट मिळू शकतात. हे तास कागदापुरते ठीक आहेत, पण टीमच्या कामात हात बसायला त्याहून जास्त काळ लागतो. क्रेडिट हवे असतील तर विद्यापीठाची मंजुरी रुजू होण्याआधी घ्या. कंपन्या बोनाफाइड आणि ना-हरकत पत्र मागतात. ऑनलाइन विद्यापीठात ते ईमेलवर मागावं लागतं, त्याला वेळ लागतो, म्हणून महिनाभर आधी मागणी टाका.

घरून काम करणार असाल तर पहिल्याच दिवशी मेंटॉरला अडचणी सांगून टाका. ‘आमच्याकडे देखभालीसाठी आठवड्यातून एक दिवस वीज जाते, त्या दिवशी मी सकाळी लवकर बसेन. अमुक तारखांना माझी केंद्रावर परीक्षा आहे.’ वेळेवर सांगितलेल्याचं कुणाला काही वाटत नाही, अचानक गायब होणाऱ्यावरचा विश्वास उडतो. दोन तास डोकं लावूनही अडलं तर विचारा, पण काय काय करून पाहिलं ते लिहून विचारा. आणि पालकांनी घरातल्या या नोकरीला नोकरीसारखंच वागवावं. ‘घरीच तर आहेस, जरा गॅस सिलिंडर आणून दे’ हे सकाळच्या मीटिंगच्या वेळी नको. एरवी आपण विचारतो, ‘आज किती तास बसलास?’ त्याऐवजी आठवड्याने एकदा विचारावं, ‘तुझ्या कामावर साहेबांनी काय शेरा मारला?’ तीन-चार आठवडे सलग ‘काहीच नाही’ असं उत्तर आलं, तर मुलाने मेंटॉरकडे तपासणीसाठी आठवड्यातला अर्धा तास मागून घ्यावा, आणि तोही मिळाला नाही तर दुसरीकडे अर्ज सुरू करावेत.