वसुबारसेला गंज मोजा

२०१९ चा जून संपता संपता माणदेशात पहिला बरा पाऊस झाला. विहिरीच्या तळाला होतं नव्हतं ते पाणी पाजून एप्रिलमध्ये मी चार गुंठे कडवळ, म्हणजे चाऱ्याची ज्वारी, केलं होतं. ते गुडघ्याएवढं होऊन उन्हानं करपलं. पाऊस झाल्यावर त्याच्या बुडातून हिरवेगार फुटवे निघाले. उन्हाळाभर वाळकं चघळून हाडं वर आलेल्या गाईला दोन घास हिरवं मिळावं, म्हणून सकाळी तिचं दावं सोडलं. अर्ध्या तासात ती धापा टाकू लागली, तोंडाला फेस आला, पाय लटपटले आणि बांधाशीच ती आडवी झाली. डॉक्टर शेजारच्या गावी होते. ते पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. त्यांनी रक्त पाहिलं, ते लालभडक होतं. "किराळ लागली," एवढंच ते म्हणाले.

गाय जूनमध्ये गेली, पण चूक आठ महिने आधीची होती.

३१ ऑक्टोबर २०१८ रोजी सरकारनं राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. आमचा माण तालुका त्यात होता. चारच दिवसांनी वसुबारस आली. गाईला ओवाळून झाल्यावर आईनं विचारलं, "गंज मोजली का रं?" मोजली नव्हती. गोठ्यामागची कडब्याची गंज डोळ्यांना मोठी दिसत होती आणि अवकाळी एखादा पाऊस येईल अशी आशा होती. तो आला नाही. रब्बीची ज्वारी वितभर उगवून वाळली. एरवी फेब्रुवारी-मार्चमध्ये नवा कडबा घरात येतो, तोही आला नाही.

तेव्हा न केलेला हिशोब आता तोंडपाठ आहे. मोठ्या जनावराला पोटभर म्हणजे त्याच्या वजनाच्या अडीच ते तीन टक्के सुका चारा लागतो. चारशे किलोच्या गाईला दिवसाला दहा-बारा किलो. दुष्काळात जीव तगवण्यापुरता हिशोब सहा किलोंचा धरतात, वासराला तीन. माझ्याकडे दोन खिलार बैल, एक गाय आणि एक कालवड होती, म्हणजे रोजचे २१ किलो. दिवाळी ते जूनअखेर साधारण २४० दिवस. लागणार होता ५ टन ४० किलो कडबा. गंजीत होत्या सातशे पेंढ्या, पेंढी सरासरी तीन किलोंची. म्हणजे एकवीसशे किलो. शंभर दिवसांचा चारा. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गंज संपणार हे नोव्हेंबरातच कागदावर दिसलं असतं. ती संपलीही तेव्हाच.

हा हिशोब दिवाळीत करणाऱ्याच्या हाती अजून मार्ग असतात. होळीला करणाऱ्याच्या हाती फक्त मिळेल तो चारा उरतो, मिळेल त्या भावानं.

कडबा विकत घ्यायचा तर तो शेकड्यावर मिळतो आणि टंचाईत पेंढी बारीक होत जाते. मी मार्चमध्ये मंगळवेढ्याकडून आलेल्या गाडीतून पाचशे पेंढ्या घेतल्या. घरी काट्यावर टाकल्या तर एकीचंही वजन दोन किलो भरेना. म्हणून गाडी उतरवण्याआधी त्यातल्या कुठल्याही दहा पेंढ्या काढून तोलाव्यात आणि भाव किलोवर ठरवावा. विकणाऱ्याला राग येतो, येऊ द्यावा.

आणलेला कडबा अख्खा टाकू नये. जनावर पाती ओरबाडतं, बुडखे तुडवून टाकतं आणि जवळपास तिसरा हिस्सा शेणात जातो. कुट्टी करून गव्हाणीत घातला तर तोच कडबा कितीतरी दिवस जास्त पुरतो. यंत्र घेणं परवडत नसेल तर चार-पाच घरांनी मिळून घ्यावं.

गव्हाचं काड, सोयाबीनचं भुसकट, भाताचा पेंढा यांत पोषण कमी असतं, पण युरियाची प्रक्रिया केली तर ते बरंच वाढतं. १०० किलो काडाला ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवायचा, थरावर थर शिंपडत काड तुडवून दाबायचं आणि प्लास्टिकनं हवाबंद झाकून २१ दिवस ठेवायचं. उघडल्यावर तासभर वारा लागू द्यायचा, मग थोडं थोडं खाऊ घालायचं. इथे कसूर चालत नाही. युरियाचं पाणी जनावराच्या तोंडाला लागलं किंवा कोरडा युरिया गव्हाणीत पडला तर विषबाधा होते. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला हे काड देऊच नये.

मुरघासाचं कामही पाणी असतानाच उरकावं लागतं. मका चिकात असताना कापून, कुट्टी करून, हवा राहणार नाही इतका दाबून झाकला की दीडेक महिन्यात मुरघास तयार होतो आणि उन्हाळाभर टिकतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ज्याच्या विहिरीत पाणी आहे, त्यानं दहा गुंठे तरी मक्याला द्यावेत.

आमच्या भागात टंचाईत सगळ्यांचा आधार म्हणजे उसाचे वाढे. मीही फेब्रुवारीपासून तेच घातले. पोट भरतं, हिरवं दिसतं, म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण वाढ्यात ऑक्झलेट असतं आणि ते जनावराच्या अंगातलं कॅल्शियम ओढून घेतं. महिन्याभरात गाईचं दूध निम्म्यावर आलं, ती उठताना अडखळू लागली. वाढे घालायचे तर त्यांवर चुन्याची निवळी शिंपडावी, सोबत वाळका चारा असावा आणि रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्यावं. शिवाय कारखान्यांचे पट्टे मार्च-एप्रिलमध्ये थांबतात आणि वाढेही त्याच वेळी संपतात, ऐन गरजेला.

झाडपाला हा जुन्या माणसांचा आधार. शेवरी, हादगा, शेवगा, उंबर, बाभळीच्या शेंगा हे सगळं चालतं. सुबाभूळ मात्र एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर जाऊ देऊ नये. त्यातलं मिमोसिन बाधतं, केस गळतात.

एप्रिलमध्ये मी जनावरं घेऊन चारा छावणीत गेलो. छावणीला कमीपणा मानणारे अजून भेटतात. मला तो विचार चुकीचा वाटतो. २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडला चेतना सिन्हा यांच्या माणदेशी फाउंडेशननं छावणी चालवली, तेव्हा माणसं कुटुंबासह महिनोन्महिने जनावरांजवळ राहिली आणि त्यातून खिलारांचे कितीतरी गोठे वाचले. जाण्याआधी लाळ्या-खुरकूत आणि घटसर्पाची लस टोचून घ्यावी, कारण शेकडो जनावरं दाव्याला दावं लावून उभी राहतात. सावलीसाठी आपलं शेडनेट न्यावं. पाणी दिवसातून तीनदा दाखवावं. वाळक्या चाऱ्यावर मोठ्या जनावराला उन्हाळ्यात पन्नास-साठ लिटर सहज लागतं.

सगळ्यात अवघड गोष्ट सांगायची राहिली. हिशोबात चारा कमी पडत असेल तर एखादं जनावर नोव्हेंबरातच विकावं. मी एक बैल एप्रिलमध्ये सांगोल्याच्या बाजारात नेला, तेव्हा तिथे विकणारेच दिसत होते, घेणारे नव्हते. निम्म्या भावालाही कोणी विचारलं नाही आणि भाडं भरून त्याला परत आणला. वेळेवर एकाला दुसरं घर दाखवलं असतं तर उरलेल्या तिघांच्या तोंडी चारा पडला असता. लळा मलाही होता. पण लळ्यापायी सगळ्यांना अर्धपोटी ठेवणं ही माया नव्हे, असं माझं ठाम मत झालं आहे.

गावानं मिळून करायची गोष्टही आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं पोपटराव पवारांच्या पुढाकारानं कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली. डोंगरावर जनावरं सोडण्याऐवजी गवत कापून घरी आणायचं ठरवलं आणि उघड्या माळावर गवत उभं राहिलं. आमच्या गायरानात मोकाट चराईनं मुळंही शिल्लक राहत नाहीत. ते राखायचं तर दोन पावसाळे दम धरावा लागतो. चांगल्या पावसाच्या वर्षीच गावाला हा दम निघतो, म्हणून ठराव त्याच वर्षी करून घ्यावा.

आता त्या कडवळाबद्दल. कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचं द्रव्य असतं आणि पोटात त्याचं हायड्रोसायनिक आम्ल होतं. हीच किराळ. पाण्याचा ताण बसलेल्या खुरट्या पिकात आणि पावसानंतरच्या नव्या फुटव्यांत ते फार वाढतं. दुष्काळ संपताना, जनावर सगळ्यात भुकेलं असताना, शेतात सगळ्यात विषारी असतं ते हेच. कडवळ निम्मं फुलोऱ्यात आल्याशिवाय तोडू नये. कापल्यावर उन्हात चांगलं सुकू द्यावं. जनावराला आधी वाळका चारा घालावा, उपाशी पोटी कधीच शेतात सोडू नये. लक्षणं दहा-पंधरा मिनिटांतही दिसतात. यावर सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेटची शिरेतली इंजेक्शनं आहेत, ती डॉक्टरच देऊ शकतात आणि वेळेत मिळाली तर जनावर वाचतं. घरगुती इलाजात एक मिनिटही घालवू नये.

त्या सकाळी गव्हाणीत दोन पेंढ्या कडबा असता तर मी दावं सोडलंच नसतं. येत्या वसुबारसेला गाईला ओवाळून झालं की आरतीचं ताट खाली ठेवा आणि गोठ्यामागे जा. दहा पेंढ्या तोला, गंज मोजा, आकडा खडूनं गोठ्याच्या दारावर लिहा. त्याखाली तुमच्या जनावरांच्या डॉक्टरांचा फोन नंबर लिहा.