पाहुणे मुक्कामी येणार? आधी हिशोब मांडा

ताईंनो, राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण 2021 मध्ये आलं. अशा गाडीत झोपायची सोय असते, पण गरम भाकरी पाहुण्यांना आपल्याकडचीच लागते. तोरणमाळला सीताखाई बघायला येणाऱ्यांच्या जेवणाची ऑर्डर गटाला मिळाली, तर होकाराआधी तीन गोष्टी ठरवा.

1. गाडी : घाट दिवसाउजेडी चढा, असं फोनवरच सांगा. मुक्काम दरीच्या कड्यापासून लांब, सपाट जागी. जागा वनखात्याची असेल तर परवानगी आधी घ्यायला लावा.

2. पाणी-कचरा : गाडीतलं सांडपाणी यशवंत तलावात किंवा ओढ्यात सोडायचं नाही. कचरा ज्याचा त्याने परत न्यायचा.

3. दर : समजा, 6 पाहुणे, दोन वेळचं जेवण. किराणा 900, सरपण 150, दोघींची मजुरी 800. एकूण 1,850 रुपये. माणशी 350 घेतले तर 2,100 येतात, गटाला 250 उरतात. मजुरी न धरता माणशी 200 सांगितले, तर 1,200 येतील. किराणा-सरपण वजा जाता दोघींच्या दिवसभराच्या कष्टाचे फक्त 150!

आपली मजुरी हा खर्चच आहे. पुढच्या बैठकीत तुमच्या गावच्या भावाने हाच हिशोब वहीत मांडा. किराण्यापुरता ॲडव्हान्स हातात आल्यावरच सामान भरा.