आजोबांची येझदी खोलताना

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत बंगळुरूला घरी गेलो, तेव्हा आजोबांची येझदी रोडकिंग खोलायची परवानगी मला मिळाली. आजोबा सैन्यात ई.एम.ई.मध्ये होते. आता त्यांचे हात थरथरतात, म्हणून पाना माझ्या हातात आणि खुर्ची त्यांना, असे ठरले. गाडीचे गिअरबॉक्सचे तेल कित्येक वर्षे गळत होते. दोनदा पॅकिंग बदलूनही ते थांबले नव्हते.

ही गाडी म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात तयार झाली. रोडकिंग १९७८ मध्ये आली आणि १९९६ मध्ये कारखानाच बंद पडला. येझदी हे नाव २०२२ मध्ये बाजारात परत आले खरे, पण ती गाडी फोर-स्ट्रोक आणि आमची टू-स्ट्रोक. तिच्या इंजिनाचे भाग हिला चालत नाहीत. जुना भाग हवा असेल तर जे. सी. रोडवर दुकानादुकानांतून विचारत फिरावे लागते. त्यामुळे एक वायसर हरवणेसुद्धा आम्हाला परवडणारे नव्हते.

आपण रायफलचे खोलणे-जोडणे शिकतो. भाग ग्राउंडशीटवर ओळीने मांडायचे आणि जोडताना उलट्या क्रमाने उचलायचे. मी घरी जुनी चादर अंथरून तसेच सुरू केले. संध्याकाळपर्यंत चादर भरली आणि इंजिन अजून फ्रेममध्येच होते! रायफल एका तासात पुन्हा जोडून होते, मोटारसायकल महिनाभर उघडी पडते, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. शिवाय शेजाऱ्यांचे मांजर रात्री चादरीवरून फिरून गेले.

दुसऱ्या दिवशी आजीकडून आइस्क्रीमचे रिकामे डबे मागून घेतले. प्रत्येक डब्यात गाडीचा एकच विभाग. मी चिकटपट्टीवर बॉलपेनने नावे लिहिली, पण डिझेलने भाग धुताना तीच बोटे लागून अर्धी अक्षरे पुसली गेली. आजोबा म्हणाले, "पेन्सिलीने लिही, कागदावर, आणि कागद डब्याच्या आत टाक. झाकणं बदलली तर काय करशील?" खरेच, झाकणे सगळी सारखीच होती.

त्यांचा दुसरा नियम असा, की जो नट किंवा बोल्ट काढला, तो भाग बाजूला झाल्यावर आपल्याच जागी हाताने दोन आटे चढवून ठेवायचा. मग त्याला डबाच लागत नाही. हे जमेल तिथे मी हेच केले.

पण इंजिनच्या डाव्या कव्हरला ते चालेना, कारण कव्हर धुवायचे होते. आजोबांनी एक पुठ्ठा मागितला. कव्हर त्यावर ठेवून पेन्सिलीने कड आखली, भोकांच्या जागी भोके पाडली आणि स्क्रू जसजसा निघेल तसतसा त्याच जागी खोचला. पुठ्ठ्यावर 'पुढची बाजू' असा बाणही काढला, नाहीतर तो उलटा धरला की सगळेच उलटे. सगळे स्क्रू खोचून झाल्यावर त्यांची लांबी सारखी नाही हे दिसले.

मला वाटले, काम झाले, आता जिथले तिथे लावायचे. आजोबा मात्र म्हणाले, "पुठ्ठा फक्त होतं तसं सांगतो. जे होतं तेच चुकलेलं असेल तर?" त्यांनी कव्हर जागेवर धरायला लावून सगळे स्क्रू न फिरवता भोकांत सोडायला सांगितले. आटे सुरू होतात तिथे स्क्रू अडतो, म्हणून सगळ्यांची डोकी कव्हरपासून सारखीच वर राहायला हवीत. आमचा एक बराच वर उभा राहिला आणि एक जवळजवळ टेकला. कुणीतरी पूर्वी त्यांची अदलाबदल केली होती. लांब स्क्रू आखूड भोकात तळाला टेकतो; तो घट्ट लागतो, पण कव्हर दाबत नाही. आखूड स्क्रू दोन-तीन आट्यांवरच लटकतो आणि ॲल्युमिनियमचे आटे खातो. दोनदा बदललेल्या पॅकिंगचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

बाकीचे थोडक्यात. एकाच दांड्यावरचे वायसर निघतील त्या क्रमाने तारेत ओवले. कार्बुरेटर स्टीलच्या परातीत पांढरे फडके घालून खोलला. सुईची क्लिप वरून कितव्या खाचेत आहे ते आधी वहीत लिहिले. पिस्टन पिनचे लॉक काढण्यापूर्वी खालच्या तोंडात स्वच्छ फडके कोंबले, कारण लॉक आत पडले तर सगळे इंजिन फाडावे लागते. तारा सोडण्याआधी बाबांच्या मोबाइलवर फोटो घेतले.

सिलिंडर बोरिंगला दिला आणि तिथेच माझी सुट्टी संपली. गाडी आता बाबा जोडणार होते, आणि त्यांनी ती खोलताना पाहिलेलीच नव्हती. निघायच्या आदल्या रात्री मी सगळे कागद पुन्हा वाचले. 'हा तो मोठा नट' असे एका कागदावर लिहिलेले होते. मला कळत होते, पण बाबांना काय कळणार? असे आठ कागद नव्याने लिहिले.

तरी एक राहिलाच. दुसऱ्या रविवारी घरी फोन केला तेव्हा बाबांनी विचारले, "डबा सातमध्ये दोन वायसर आहेत, एक जाड, एक पातळ. कागदावर नुसतं 'क्लच' लिहिलंय. आत कुठला?" मला आठवेना. मागे बाकीची मुले फोनसाठी रांगेत उभी होती. तेवढ्यात पलीकडून आजोबांचा आवाज आला. त्यांनी भिंग मागवले होते. पातळ वायसरवर घासल्याची गोल चकाकी होती, आणि क्लचच्या पाठीवरही तेवढ्याच मापाची.