येमेनच्या मित्राला शहर दाखवताना

विद्यापीठात माझ्या वर्गात येमेनचा एक मुलगा होता. छत्रपती संभाजीनगरात शिकायला येणाऱ्या परदेशी पोरांत येमेनी बरेच. एका रविवारी त्याला महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तू संग्रहालय दाखवायला नेलं.

1. गाईड व्हायची हौस लवकर फिटते. मी चिलखतापुढे, तलवारींपुढे थांबून भाषण ठोकत होतो; निम्मं शेजारच्या पाटीवरून आत्ताच वाचलेलं. तो बिचारा मान डोलवत होता. जुन्या पैठणीपाशी मात्र त्याने विचारलं, "मागची बाजू कशी दिसते?" रात्री आईची पैठणी उलटून पाहिली. पदरावरचा मोर दोन्हीकडून सारखाच होता.

2. काचेआडच्या वस्तूला वाचणारा भेटला की ती निराळीच होते. औरंगजेबाच्या हातचं म्हणून दाखवतात त्या कुराणापाशी मी जरा सावध उभा. हे नाव निघालं की आमच्याकडे आवाज चढतात. तो वाकला, ओठ हलवत दोन ओळी वाचल्या आणि म्हणाला, "अक्षर छान आहे. आमच्या मास्तरांनी शाबासकी दिली असती."

3. गाव वसवणारा आपल्याला परीक्षेपुरताच ठाऊक असतो. परतताना भडकल दरवाज्याखाली थांबलो. मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून मलिक अंबरने 1612 मध्ये बांधलेला. 1610 मध्ये खडकी वसवली ती त्यानेच. औरंगाबाद, छत्रपती संभाजीनगर ही पुढची नावं. इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, निजामशाहीचा कारभारी झाला, शहराला नहरीने पाणी दिलं. सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. "कुठे विकला गेला?" त्याने विचारलं. "मोख्याला. मग बगदाद, मग दख्खन." तो थांबलाच. "भाई, मोखा आमच्या घरापासून दोन तासांवर आहे. आम्ही तिथे मासे खायला जातो." थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "म्हणजे आम्ही विकला." सोळाव्या शतकातल्या बाजाराचं ओशाळेपण त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. यावर काय बोलायचं असतं? मी तर मोखा आजवर नकाशातही शोधलं नव्हतं.

4. अशा वेळी जेवायला जावं. जुन्या शहरात नान-खलिया खाल्ला. नान त्याला पसंत पडला, खलियाच्या तर्रीने डोळ्यांत पाणी आलं. मलिक अंबरचं नावही निघालं नाही.

5. शहराच्या नावाची भांडणं आम्ही गल्लीगल्लीत करतो, पण ते वसवणाऱ्या मलिक अंबरची कबर कुठे आहे हे मला त्या परक्या पोराने विचारल्यावर शोधावं लागलं. खुलताबादेत. लहानपणापासून वेरूळला कैकदा गेलो, गाडी कधी तिकडे वळली नव्हती. पुढच्या रविवारी दोघं गेलो. तुमचीही वेरूळची वाट त्याच गावातून जाते. जरा आत वळा.