जुना संगणक आणि नवा डोळा

चंद्रभागेच्या काठी वसलेले दर्यापूर हे अमरावती जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. सभोवार काळ्या मातीचा मुलूख आणि त्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या कपाशी पिकविणारे कास्तकार. ह्या कास्तकारांच्या घरी जमिनीबरोबर आणखी एक ठेवा वारशाने चालत येतो. तो म्हणजे जुन्या कागदांचा. खरेदीखते, वाटणीपत्रे, फेरफाराच्या नकला, आजोबांच्या हातची हिशेबाची वही, असे कितीतरी कागद पेटीच्या तळाशी जपून ठेवलेले असतात. पण कागदाला शत्रू फार! पावसाळ्यातील ओल, वैशाखातील ऊन, वाळवी आणि कसर हे शत्रू एकेक अक्षर खाऊन टाकतात. अक्षर गेले, की त्याबरोबर घराण्याची आठवण जाते. कधी कधी जमिनीचा पुरावाही जातो.

महसूल खात्याने अमरावती आणि अकोला ह्या जिल्ह्यांतील जुने अभिलेख स्कॅनरने टिपून घेतले आणि इंटरनेटवर लोकांना पाहावयास खुले केले. सरकारने आपल्या दप्तरासाठी जे केले, ते घरच्या पेटीसाठी घरच्या माणसांनाही करता येईल. त्याला एक स्कॅनर आणि एखादा जुना लॅपटॉप पुरे होतो. मात्र ही दोन यंत्रे एकमेकांशी कशी बोलतात, हे आधी समजून घेतले पाहिजे.

स्कॅनर हा सावकाश पाहणारा डोळा आहे. कागद काचेवर पालथा ठेवून झाकण लावले, की काचेखालून प्रकाशाची एक पट्टी हळूहळू सरकत जाते. कागदाचा पांढरा भाग पुष्कळ प्रकाश परत पाठवितो. शाईचा भाग थोडाच पाठवितो. परतलेला प्रकाश मोजला जातो आणि प्रत्येक ठिपक्याचे आकड्यांत रूपांतर होते. १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श ह्या शास्त्रज्ञाने आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र ह्याच तत्त्वाने संगणकात उतरविले. त्या चित्रात आडवे १७६ आणि उभे १७६, म्हणजे एकूण ३०,९७६ ठिपके होते. आज ए-४ आकाराचा कागद दर इंचाला ३०० ठिपके ह्या प्रमाणात टिपला, तर ठिपक्यांची संख्या सुमारे ८७ लाख होते!

एवढे आकडे लॅपटॉपपर्यंत पोचावयाचे, तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात : वाट, वीज आणि भाषा.

वाट म्हणजे केबल. १९९६ साली यू.एस.बी. ही जोडणी आली. तिच्या केबलचे चपटे टोक लॅपटॉपला आणि बहुधा चौकोनी टोक स्कॅनरला बसते. त्यापूर्वीच्या स्कॅनरांची जोडणी निराळी असे, म्हणून खाच पाहूनच केबल निवडावी. आणखी एक गोष्ट विसरू नये. पुष्कळ जुन्या स्कॅनरांवर कुलपाचे चिन्ह असलेली एक कळ असते. ने-आण करताना आतील भाग हलू नयेत, म्हणून ती लावून ठेवतात. ती उघडल्यावाचून स्कॅनर सुरू करू नये.

दुसरी गोष्ट वीज. काही स्कॅनर केबलमधून मिळणाऱ्या विजेवरच चालतात, तर काहींना स्वतःचा अडॅप्टर लागतो. जुन्या लॅपटॉपच्या खाचेतून मिळणारी वीज बेताचीच असते. म्हणून केबल मध्ये काही न घालता सरळ लॅपटॉपला जोडावी.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती भाषा. वऱ्हाडी कास्तकार आणि तमिळ व्यापारी ह्यांची गाठ पडली, तर दोघेही शहाणे असून बोलणे खुंटते. तेथे दुभाष्या हवा. स्कॅनर आणि लॅपटॉप ह्यांच्यामध्ये दुभाष्याचे काम ड्रायव्हर नावाची आज्ञावली करते. हा दुभाष्या त्याच स्कॅनरचा आणि त्याच संगणकप्रणालीचा असावा लागतो. ३२ बिटांच्या प्रणालीला ६४ बिटांचा ड्रायव्हर चालत नाही. तो स्कॅनर बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. अनोळखी ठिकाणाहून घेऊ नये. विंडोज एक्स-पी सारख्या प्रणालीची देखभाल २०१४ साली बंद झाली. असा लॅपटॉप इंटरनेटला जोडणे धोक्याचे असते. म्हणून ड्रायव्हर दुसऱ्या संगणकावर उतरवून पेन ड्राइव्हमधून आणावा. पुष्कळ स्कॅनरांच्या बाबतीत आधी ड्रायव्हर बसवावा लागतो आणि मग केबल जोडावी लागते. कंपनीने ड्रायव्हर देणे बंद केले असेल, तरी निराश होण्याचे कारण नाही. लिनक्स ह्या प्रणालीसाठी ‘सेन’ नावाचा दुभाष्यांचा संच विनामूल्य मिळतो आणि त्यात अनेक जुन्या स्कॅनरांची सोय असते.

एवढे जुळल्यावरही जुना लॅपटॉप थोडा वेळ घेतोच. रंगीत चित्रात प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट लागतात. म्हणजे वरील कागदाचे सुमारे २ कोटी ६१ लाख बाइट झाले. यू.एस.बी.च्या पहिल्या पिढीची वाट सेकंदाला फार तर १५ लाख बाइट वाहते. तेव्हा एका पानाला निदान १७ सेकंद लागणारच. २००० साली आलेली दुसरी पिढी तिच्या चाळीस पट वेगवान आहे. वाट जुनी असेल, तर साधा काळ्या शाईचा कागद रंगीत न टिपता करड्या छटांत टिपावा. ओझे एक-तृतीयांशावर येते आणि अक्षर तेवढेच स्पष्ट राहते.

टिपलेली चित्रे दोन निरनिराळ्या ठिकाणी साठवावीत. कारण संगणकही कधीतरी बिघडतो. चित्र हाती आले म्हणून मूळ कागद टाकून देऊ नये. कचेरीत मूळ कागदच मागतात. तो कोरड्या जागी जपावा आणि रोज पाहण्यासाठी चित्र वापरावे. माळ्यावर पडलेले यंत्र बहुधा मोडलेले नसते. त्याची भाषा जाणणारा दुभाष्या तेवढा हरवलेला असतो. तो शोधून आणण्याइतका धीर ज्याच्या अंगी आहे, त्याच्या घरचा जुना लॅपटॉपही आजोबांचे अक्षर नातवंडांपर्यंत पोचवील.

स्वाध्याय

१. स्कॅनर आणि लॅपटॉप जोडताना कोणत्या तीन गोष्टी जुळाव्या लागतात?
२. ड्रायव्हरला ‘दुभाष्या’ का म्हटले आहे?
३. चित्र टिपल्यावरही मूळ कागद का जपावा?
४. घरातील मोठ्या माणसांना विचारून जुन्या कागदांची एक यादी करा.