कृत्रिम श्वासाची मर्यादा

मृत्यू म्हणजे काय, हा प्रश्न दीर्घकाळ तत्त्वज्ञांचा मानला जात असे. वैद्याला तो फारसा अडचणीचा वाटत नसे. श्वास थांबला, नाडी लागेनाशी झाली, शरीर गार पडले, की मृत्यू झाला असे तो सांगे. हृदय, फुप्फुसे आणि मेंदू ही तीन इंद्रिये एकमेकांवर इतकी अवलंबून आहेत की त्यांपैकी एक निकामी झाले म्हणजे उरलेली दोन थोड्याच वेळात त्याच्या मागोमाग जात. विसाव्या शतकाच्या मध्यास ही साखळी तुटली.

१९५२ साली कोपनहेगन शहरात पोलिओची मोठी साथ आली. श्वसनाचे स्नायू लुळे पडून रोगी गुदमरू लागले. ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने श्वासनलिकेला छिद्र पाडून तीत नळी बसवण्याचा आणि रबरी पिशवी दाबून फुप्फुसांत हवा भरण्याचा मार्ग सुचविला. यंत्रे पुरेशी नव्हती. म्हणून वैद्यकीय विद्यार्थी रात्रंदिवस पाळीपाळीने रोग्यांच्या उशाशी बसून ती पिशवी दाबत राहिले आणि पुष्कळांचे प्राण वाचले. आधुनिक अतिदक्षता विभागाचा उगम येथे आहे. पुढे माणसाच्या हाताची जागा यंत्राने घेतली.

पोलिओच्या रोग्याचा मेंदू शाबूत होता. त्याला काही काळ उसना श्वास देणे म्हणजे त्याचे आयुष्य त्याला परत करणे होते. परंतु ज्याच्या मेंदूची कधीही भरून न येणारी हानी झाली आहे, अशा रोग्याला तेच यंत्र लावले तर आपण त्याला काय परत करीत असतो? प्रस्तुत प्रकरणाचा विषय हा आहे.

तीन भिन्न अवस्था

या विषयावरील चर्चेत बराचसा गोंधळ माजतो तो तीन वेगळ्या अवस्था एकच समजल्यामुळे. म्हणून प्रथम त्यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे.

पहिली अवस्था मस्तिष्कमृत्यूची. मेंदूच्या तळाशी असलेला मस्तिष्कस्तंभ श्वसनाचे नियमन करतो आणि जागृतीही त्याच्यावरच अवलंबून असते. तो कायमचा नष्ट झाला की यंत्राच्या साहाय्याने हृदय काही काळ धडधडत राहते, पण माणूस परत येत नाही. १९५९ साली मोलारे व गुलाँ या फ्रेंच वैद्यांनी या स्थितीचे वर्णन केले आणि १९६८ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीने तिच्या कसोट्या मांडल्या. भारतात १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू हा मृत्यूच मानला. त्यासाठी चार वैद्यांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करावी लागते. अशा व्यक्तीचे यंत्र बंद करणे म्हणजे जीवन संपविणे नव्हे. जे संपले आहे त्याची कबुली देणे होय.

दुसरी अवस्था गाढ बेशुद्धीची. यात डोळे मिटलेले असतात आणि रोगी कशानेही जागा होत नाही. ही स्थिती बहुधा काही आठवड्यांपेक्षा अधिक टिकत नाही. रोगी सुधारतो, दगावतो अथवा तिसऱ्या अवस्थेत जातो.

ही तिसरी अवस्था सर्वांत क्लेशदायक. मस्तिष्कस्तंभ बहुतांशी शाबूत असतो, पण विचार आणि जाणीव यांचा आधार असलेला वरचा मेंदू निकामी झालेला असतो. रोगी डोळे उघडतो, झोपतो, जागा होतो, स्वतः श्वास घेतो. कधी कण्हतो, कधी त्याच्या चेहऱ्यावर हसू उमटल्याचा भास होतो. मात्र त्याला स्वतःची वा परिसराची जाणीव असल्याचे चिन्ह आढळत नाही. १९७२ साली जेनेट व प्लम यांनी या स्थितीला जे नाव दिले, त्याचा अर्थ ‘स्थिर वनस्पतिवत् अवस्था’ असा होतो. माणसाला वनस्पतीची उपमा देणे अनेकांना खटकल्यामुळे आता ‘प्रतिसादहीन जागृती’ असा शब्दप्रयोगही रूढ होत आहे. येथे रोगी कोणत्याही व्याख्येने मृत नाही. खरा नैतिक प्रश्न येथून सुरू होतो.

दोन उदाहरणे

अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील कॅरेन क्विनलन ही एकवीस वर्षांची तरुणी एप्रिल १९७५ मध्ये बेशुद्ध झाली. श्वास खंडित झाल्याने तिच्या मेंदूची कायमची हानी झाली. तिचे आईवडील श्रद्धाळू कॅथलिक होते. श्वसनयंत्र काढावे अशी त्यांनी विनंती केली, पण वैद्यांनी नकार दिला. ३१ मार्च १९७६ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पालकांच्या बाजूने निर्णय दिला. यंत्र हळूहळू कमी करून काढण्यात आले आणि सर्वांची अपेक्षा चुकवून कॅरेन स्वतः श्वास घेऊ लागली. ती आणखी नऊ वर्षे जगली व जून १९८५ मध्ये वारली. या काळात आईवडिलांनी तिचे नळीद्वारे होणारे पोषण थांबवा, असे कधी म्हटले नाही.

दुसरे उदाहरण मुंबईचे. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथेच पाशवी हल्ला झाला. गळा आवळला गेल्यामुळे मेंदूला प्राणवायू मिळाला नाही आणि त्या पुन्हा कधीच पूर्ववत झाल्या नाहीत. त्यांना श्वसनयंत्राची गरज नव्हती; गरज होती ती अन्नाची, स्वच्छतेची आणि मायेची. ती त्यांना त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी दिली. एक पिढी निवृत्त झाली की दुसरी पुढे येई. पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीने याचिका दाखल केली, तेव्हा ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. ज्यांनी सदतीस वर्षे सेवा केली त्या रुग्णालयातील मंडळींनाच न्यायालयाने रुग्णाचे निकटवर्ती मानले, आणि त्यांना अरुणाताई जगायला हव्या होत्या. मात्र योग्य प्रसंगी उच्च न्यायालयाच्या अनुमतीने जीवनाधार काढता येईल, हे तत्त्व याच निकालाने मान्य केले. १८ मे २०१५ रोजी अरुणा शानभाग यांचे निधन झाले.

मारणे आणि मरू देणे

जीवनाधार काढणे म्हणजे हत्याच नव्हे काय, असा आक्षेप घेतला जातो. १९५७ साली पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांपुढील भाषणात सांगितले होते की प्राणरक्षणासाठी साधारण उपाय योजणे हे कर्तव्य आहे, असाधारण उपाय योजण्याची सक्ती नाही. कॅरेनचे उदाहरण या भेदाला एक उपयुक्त कसोटी पुरविते. यंत्र काढल्यावरही रोगी जगला, तर यंत्र काढणाऱ्याला आपला हेतू फसला असे वाटेल काय? विष देणाऱ्याला तसे वाटेल. कॅरेनच्या आईवडिलांना तसे वाटले नाही. त्यांनी तिची सेवा चालू ठेवली. निष्फळ उपचाराचे ओझे दूर करणे हा त्यांचा हेतू होता, कन्येचा मृत्यू हा नव्हे.

परंतु ही कसोटी सर्वत्र पुरत नाही, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. अन्ननळी काढल्यावर कोणी जगत नाही. तेथे मृत्यू हा संभाव्य परिणाम नसून निश्चित परिणाम असतो. १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेत मेंदूस इजा झालेल्या टोनी ब्लँड या तरुणाच्या बाबतीत ब्रिटनच्या उमराव सभेने १९९३ मध्ये नळीद्वारे पोषण हाही वैद्यकीय उपचारच आहे, म्हणून तो थांबविता येतो, असा निर्णय दिला. तर्क सुसंगत आहे. तथापि ज्या समाजात कोणाचे अन्नपाणी तोडणे हे पाप समजले जाते, तेथे हा तर्क मनाला सहज पटत नाही, आणि त्या संकोचास केवळ भाबडेपणा म्हणून झिडकारणे योग्य नव्हे. भरविणे हे पोषण असते तसेच ते नातेही असते.

निदानाविषयी सावधगिरी

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जाणीव नाही हे आपणास कसे कळते? ती दिसत नाही, एवढेच वैद्य पाहू शकतो. २००६ साली एड्रियन ओवेन व सहकाऱ्यांनी प्रतिसादहीन समजल्या गेलेल्या एका तरुणीला आपण टेनिस खेळत आहोत अशी कल्पना करण्यास सांगितले, तेव्हा तिच्या मेंदूच्या चित्रणात निरोगी माणसासारखीच हालचाल दिसली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, सूचनेला दृश्य प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांत मेंदूच्या चाचण्यांवरून अशी छुपी क्षमता आढळली. यावरून प्रत्येक रोगी आतून जागा आहे असे सिद्ध होत नाही, पण घाई करू नये हे निश्चित सिद्ध होते. तरुणांत, विशेषतः अपघाताने इजा झाली असल्यास, सुधारणेला महिने लागू शकतात.

निर्णय कोणी घ्यावा?

९ मार्च २०१८ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने सन्मानाने मरण येणे हा जीवनाच्या अधिकाराचाच भाग आहे असे ठरविले आणि आगाऊ लिहून ठेवलेल्या इच्छापत्रास मान्यता दिली. त्यावेळची पद्धत फार किचकट होती. २४ जानेवारी २०२३ रोजी ती सुलभ करण्यात आली. आता असे इच्छापत्र दोन साक्षीदारांसमक्ष करून नोटरी वा राजपत्रित अधिकाऱ्याकडून प्रमाणित करता येते. रोगी निर्णयास असमर्थ झाल्यास रुग्णालयाचे प्राथमिक मंडळ आणि नंतर दुय्यम मंडळ, शक्यतो प्रत्येकी अठ्ठेचाळीस तासांत, आपले मत देते. आप्तांची संमती घेतली जाते आणि दंडाधिकाऱ्यास कळविले जाते. विषारी सुई टोचून मरण घडवून आणणे मात्र आजही अपराधच आहे.

कायद्याबाहेर एक न्यायाधीश आणखी असतो. त्याचे नाव दारिद्र्य. पैसे संपले म्हणून नातलग रोग्याला घरी नेतात आणि कागदावर ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध’ असा शेरा पडतो. येथे कोणी जीवनाधार काढण्याचा निर्णय घेतलेला नसतो; निर्णय परिस्थितीने लादलेला असतो, अपराधभाव मात्र नातलगांच्या वाट्याला येतो. उलटपक्षी, ज्यांच्यापाशी पैसा आहे अशा घरी कोणी काही बोलायचे नाही म्हणून निष्फळ यंत्र आठवडेच्या आठवडे चालू राहते. दोन्ही ठिकाणी उणीव एकच: रोग्याच्या हिताचा विचार कोणी उघडपणे केलेला नसतो.

म्हणून प्रश्न नीट विचारला पाहिजे. ‘हे जीवन जगण्यायोग्य आहे काय?’ असे विचारण्याचा अधिकार दुसऱ्या कोणासही नाही. तो प्रश्न एकदा मान्य केला की उद्या दुर्बळ आणि अपंग यांच्याविषयीही तो विचारला जाईल. ‘हा उपचार या माणसाचे काही भले करीत आहे काय, आणि त्याला तो हवा होता काय?’ एवढेच आपण विचारू शकतो. पहिल्या भागाचे उत्तर वैद्याने द्यावयाचे आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर बोलता येते तोवर प्रत्येकाने आपल्या माणसांना सांगून ठेवले, तर अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभ्या राहणाऱ्या कुटुंबाला ते अंदाजाने शोधावे लागणार नाही.

यंत्र काढले तरी सेवा संपत नाही. वेदना शमविणे, अंग स्वच्छ ठेवणे, हात हातात घेऊन बसणे यांस कोणतीही मर्यादा नाही. मर्यादा आहे ती यंत्राला. परळच्या त्या परिचारिकांनी बेचाळीस वर्षे जे केले ते या विषयातील कोणत्याही निकालाइतकेच लक्षात ठेवण्याजोगे आहे.